गावाच्या आराखड्याआधी गावाची यादी

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न बहुतेक वेळा असाच असतो: "ग्रामपंचायतीचा विकास आराखडा करायचाय. लोकसंख्या, आरोग्य, कुपोषण यांचे आकडे कुठं मिळतील?" विचारणारे कधी सरपंच असतात, कधी पहिल्यांदा निवडून आलेल्या सदस्य, कधी बचत गटातल्या ताई. बहुधा एखाद्या संकेतस्थळाचं नाव सांगावं अशी अपेक्षा असते. माझं उत्तर मात्र वेगळं आहे. दोन-अडीच हजार वस्तीच्या गावाला बाहेरून आणलेली टक्केवारी फार थोडी कामाला येते. खरं काम करते ती नावनिशीवार यादी, आणि तिचे तुकडे गावातच चार वेगवेगळ्या दप्तरांत पडलेले असतात.

बाहेरचे आकडे खोटे नसतात, ते दुसऱ्या कामासाठी असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली सुमारे ३५ मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. प्रश्न किती मोठा आहे ते यावरून कळतं. पण हे सर्वेक्षण जिल्ह्याच्या खाली उतरत नाही. ओढ्यापलीकडच्या वस्तीत काय चाललंय ते त्यातून दिसणार नाही.

जनगणना गावापर्यंत पोचते, पण हाताशी असलेली २०११ची आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७, आणि गावनिहाय तक्ते त्यानंतरचे. त्यात आणखी एक खाच आहे, ती ऊसतोडीच्या गावांनी तरी लक्षात ठेवायलाच हवी. २०११ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. त्या सगळ्या काळात जो माणूस गावाबाहेर होता, तो नियमानुसार गावच्या घरात धरला गेला नाही. जिथे सापडला तिथे मोजला जायचा होता. फेब्रुवारी म्हणजे ऐन गाळप हंगाम. बीड, जालना, अहिल्यानगरकडची कोयत्यावर (म्हणजे ऊसतोडीला) जाणारी कुटुंबं तेव्हा कारखान्याच्या फडात असतात. अशा गावाचा २०११चा आकडा मुळातच तोकडा असू शकतो, आणि त्यावर टाकीची क्षमता ठरवली तर पावसाळ्यात सगळे घरी असताना पाणी पुरत नाही.

म्हणून आधी यादी. कुठल्याही एका दप्तराची नक्कल करू नका, कारण प्रत्येकाला आपापली भोकं आहेत. नमुना ८ (घरपट्टी आकारणीची नोंदवही) मालमत्तेचा आहे, माणसांचा नाही: एका घर क्रमांकाखाली तीन चुली असतात आणि पालात राहणारं कुटुंब त्यात येतच नाही. रेशनकार्डावर वेगळे झालेले भाऊ एकत्र असतात, सासरी गेलेल्या मुलीचं नावही राहून गेलेलं असतं. मतदार यादीत अठराच्या आतलं कुणी नाही आणि वारलेल्यांची नावं वर्षानुवर्षं निघत नाहीत. त्यातल्या त्यात पाया धरावा तो अंगणवाडी सेविका आणि आशाताईंच्या कुटुंब सर्वेक्षणाचा, कारण त्या उंबऱ्यापर्यंत जातात. बाकीची दप्तरं कोण सुटलं हे पडताळायला.

कुटुंबाची व्याख्या पहिल्या दिवशी ठरवा: एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. रकाने सातच पुरतात. घर क्रमांक, चूल क्रमांक, नाव, स्त्री/पुरुष, जन्मसाल, वर्षातले कोणते महिने गावात असतात, अपंगत्व असल्यास कोणतं. वय लिहू नका, जन्मसाल लिहा. वय वर्षभरात शिळं होतं, शिवाय विचारलं की लोक साठ, पासष्ट, सत्तर असं ढोबळ सांगतात. आजींना साल आठवत नसेल तर ठळक घटना धरून विचारावं. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा शाळेत जात होतात का? बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं होतं का? किल्लारीच्या वेळी थोरल्याला मुलं होती का?" १९६७, १९७२, १९९३. या तीन खुंट्यांवर बहुतेकांचं जन्मसाल दोन-तीन वर्षांच्या फरकात बसतं.

अठराशे वस्तीचं गाव म्हणजे साधारण चारशे चुली. चार जणांनी रोज प्रत्येकी पंचवीस धरल्या तर चार दिवसांचं काम. पाचव्या दिवशी वीस चुली दुसऱ्या माणसाने पुन्हा विचाराव्यात, आणि त्या वीसही गावठाणातल्या नकोत, निम्म्या वाड्या-वस्त्यांवरच्या हव्यात. चुका तिथेच होतात.

आता जन्मांचं. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदींवरून गावात किती बाळं झाली हे काढायला जाल तर हमखास फसाल. जन्माची नोंद जिथे प्रसूती झाली तिथे होते. बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात झालं तर नोंद तिथली, माहेरी झालं तर माहेरची. गावच्या वहीत वर्षाला चारच जन्म दिसतात म्हणून गावात मुलं कमी असं नसतं. गावच्या रहिवासी मातांची नोंद आशाताई आणि एएनएमकडे (उपकेंद्राच्या परिचारिकेकडे) असते. आकडा तिथून घ्या. हा आकडा फार मोलाचा आहे, कारण आज जन्मलेली मुलं तीन वर्षांनी अंगणवाडीत आणि सहा वर्षांनी पहिलीत येणार आहेत. शिक्षणहक्क कायद्यात प्राथमिक शाळेला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टपासून नव्वदपर्यंत तीन. पुढची पाच-सहा वर्षं शाळेचा पट कुठे जाणार हे आशाताईंच्या वहीत आजच लिहिलेलं आहे.

दर काढण्याचा मोह मात्र आवरा. उदाहरण म्हणून तेच अठराशेचं गाव. २०२०च्या नमुना नोंदणीनुसार (निवडक ठिकाणचे जन्म-मृत्यू मोजणारी सरकारी पाहणी) राज्याचा जन्मदर हजारी १५ आणि अर्भक मृत्युदर हजार जन्मांमागे १६ होता. त्या हिशेबाने या गावात वर्षाला २७ जन्म आणि दोन-तीन वर्षांतून एखादा अर्भक मृत्यू. ज्या वर्षी एक मूल दगावलं त्या वर्षी गावाचा दर ३७, पुढच्या वर्षी शून्य. यातून गाव बिघडलं किंवा सुधारलं, असा कुठलाच निष्कर्ष निघत नाही. तेच मुलींच्या प्रमाणाचं. शून्य ते सहा वयाची दीडशे मुलं असतील आणि त्यात ८१ मुलगे, ६९ मुली निघाल्या तर हजार मुलग्यांमागे मुलींचं प्रमाण ८५२ येतं आणि सभेत खळबळ उडते. इतक्या लहान संख्येत एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. शेजारच्या गावात नेमकं उलट, ११७४ निघू शकतं. गर्भलिंगनिदानाचा प्रश्न खराच आहे, २०११ला राज्याचं प्रमाण ८९४ होतं. पण तो शोधायचा तर तालुक्याचे पाच-सात वर्षांचे जन्म एकत्र करून. गावाने मृत्यूचा दर काढण्यापेक्षा त्या एका मृत्यूमागची साखळी लिहावी: जन्मवजन अडीच किलोच्या आत होतं का, गाडी किती वाजता बोलावली, किती वाजता आली, रस्ता कुठे अडला.

कुपोषणाच्या आकड्यात छेदाकडे बघा. गावात नव्वद मुलं, वजन झालं चौसष्टांचं, कमी वजनाची सहा. अहवालात नऊ टक्के येतात. उरलेली सव्वीस कुठं आहेत? बहुतेकदा लांबच्या वस्तीवरची किंवा आईबापांबरोबर हंगामाला गेलेली, म्हणजे ज्यांची काळजी सर्वांत जास्त तीच. म्हणून कमी वजनाच्या सहा नावांच्या आधी वजन न झालेल्या सव्वीस नावांची यादी करा. त्यांच्या घरी जाताना दंडाची पट्टी सोबत असावी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड. कोपर वाकवून खांदा आणि कोपर यांचा मध्य काढायचा, मग हात सरळ खाली सोडून मोजायचं. पट्टी त्वचेला टेकलेली हवी, रुतलेली नको, नाहीतर आकडा कमी येतो. ११.५ सेंटिमीटरच्या आत म्हणजे तीव्र कुपोषण, तिथून १२.५च्या आत म्हणजे मध्यम.

मग ही नावं गाव नकाशावर ठिपक्यांनी मांडा. समजा पट्टीने आणखी तीन मुलं सापडली आणि या नऊपैकी सात ठिपके ओढ्यापलीकडच्या दोन वस्त्यांवर पडले, तर आराखड्यात आणखी आहार लिहून भागणार नाही. पावसाळ्यात ओढा भरला की तिथलं मूल अंगणवाडीत येत नाही आणि आशाताई तिकडे जाऊ शकत नाहीत; तिथे आधी साकव (छोटा पूल) लागतो. किंवा मिनी अंगणवाडीची मागणी. तिचा निकष दीडशे ते चारशे लोकसंख्येचा आहे, तो तुमच्या यादीतली माणसं मोजून ठरावातच दाखवता येतो. असा ठराव वरच्या कार्यालयात टाळणं अवघड जातं.

पाण्याचंही घरात जाऊन मोजा. नळजोडणी आहे, एवढं पुरत नाही. जलजीवनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. पंधरा लिटरची बादली अडीच मिनिटांत भरते, नळ दिवसाआड चाळीस मिनिटं येतो, घरात पाच माणसं. म्हणजे एका पाळीला २४० लिटर, रोजचे १२०, माणशी २४. प्रत्येक वस्तीच्या शेवटच्या तीन घरांत हे मोजलं की पाइपलाइन कुठे कमी पडते ते दिसतं. वस्तीच्या तोंडाशी मोजून उपयोग नाही.

यादीची ताकद तिच्यातल्या नावांत आहे, आणि धोकाही तिथेच. कुपोषित मुलाचं, मानसिक आजाराचं, टाकलेल्या बाईचं नाव ग्रामसभेत वाचलं तर त्या घराचं दार पुढच्या वेळी उघडणार नाही. नावांची यादी आशा आणि अंगणवाडी सेविकांकडेच राहावी, ग्रामसभेपुढे फक्त संख्या. आणि एखाद्या वस्तीत पाचपेक्षा कमी असतील तर ती शेजारच्या वस्तीत मिळवून सांगावी. टीबी, एचआयव्ही, गर्भपात या गोष्टी या यादीत येऊच नयेत.

आराखड्यात प्रत्येक कामासमोर चार गोष्टी लिहा: कोणत्या मोजणीतून हे काम निघालं, कोणत्या निधीतून होणार, कोण करणार, आणि वर्षाने कोणता आकडा किती व्हायला हवा. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात साठ टक्के बंधित (ठरवून दिलेल्या कामांपुरते) होते, त्यातले निम्मे स्वच्छतेला, निम्मे पाण्याला. चाळीस टक्के अबंधित. साकवासारखी कामं अबंधितमध्ये बसवावी लागतात आणि त्यासाठी स्पर्धा असते. तिथे वस्तीवरच्या ठिपक्यांचा नकाशा बोलतो.

वेळेचं गणित असं. आराखड्याच्या ग्रामसभा २ ऑक्टोबरपासून सुरू होतात, म्हणून यादी ऑगस्ट-सप्टेंबरात, कोयते निघायच्या आत. महिला सभेत आणि वंचित घटकांच्या सभेत ती आधी ठेवा. सुटलेल्या चुली तिथेच सांगितल्या जातात.

दुसरी फेरी फेब्रुवारीत, फक्त कुलूप लागलेल्या घरांच्या आजूबाजूची. आईबाप हंगामाला गेल्यावर मागे राहतात ते म्हातारे आणि शाळेतली नातवंडं. पाणी कोण आणतं, रक्तदाबाच्या गोळ्या कधी संपल्या, रात्री सोबतीला कोण, हे विचारा. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक छोटी चाचणीही इथे चालते: गेल्या दोन आठवड्यांत मन आनंदी होतं का, शांत वाटलं का, हुरूप होता का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, दिवसात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. पंचवीसपैकी तेराच्या खाली बेरीज गेली तर आशाताईंनी त्याच आठवड्यात पुन्हा जावं आणि आरोग्य उपकेंद्रात नाव कळवावं. सगळं मिळून वीस मिनिटं लागतात. प्रश्न सून किंवा शेजारीण समोर असताना विचारू नका, उत्तर बदलतं.