‘गॅस संपलाय’ हे निदान नाही

फ्रीजरमध्ये उणे १८ आणि खालच्या कप्प्यात ११ अंश. तिथे ४च्या आसपास हवेत. दाराचं रबर ठीक होतं (दारात कागद धरून ओढला तर तो अडकायला हवा), मागची धूळ झाडून झाली होती. म्हणून सर्व्हिसवाल्याला बोलावलं.

त्याने कॉम्प्रेसरला हात लावला आणि निकाल दिला, “गॅस संपलाय, भरावा लागेल.” गेज (गॅसचा दाब मोजायचं यंत्र) लावला नाही, मागचं पॅनल उघडलं नाही, गळती कुठे आहे हा प्रश्नसुद्धा नाही! अहो, फ्रीजमधला गॅस काय गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपतो? तोच बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला तर कुठेतरी गळतोय. गळती बुजवून, फिल्टर ड्रायर (नळीतला ओलावा शोषणारा भाग) बदलून, व्हॅक्यूम करून (नळीतली हवा ओढून काढून) मग वजनावर मोजून भरायचा असतो. आणि गॅस कमी असता तर फ्रीजर इतका गार कसा राहिला असता? यावर उत्तर एकच, “सिस्टिम ओपन करावीच लागेल.” दुसऱ्याला फोन केला, तर त्याने न बघताच तेच सांगितलं. दोघांनाही नको म्हटलं.

मग प्लग काढून, दोन्ही दारं उघडी टाकून फ्रीज पूर्ण वितळू दिला. खाली भरपूर पाणी आलं. चालू केल्यावर खालचा कप्पा मस्त गार! आणि काही दिवसांनी पुन्हा कोमट. गेलेला गॅस फ्रीज बंद ठेवल्याने परत येत नाही, त्यामुळे माझी खात्रीच पटली. (नळीत ओलावा गोठून चोक झाला तरी वितळल्यावर असंच तात्पुरतं सुधारतं, पण तेव्हा फ्रीजरही ढिला पडतो.)

प्लग काढून फ्रीजरच्या आतलं मागचं पॅनल खोललं. हवा गार करणाऱ्या कॉइलवर बर्फाची भिंत, पत्र्या दिसतच नव्हत्या. गार हवा खाली जाणार कुठून? बर्फ सुरीने खरवडू नका, कॉइलला भोक पडेल. कॉइलवरचा बर्फ अधूनमधून आपोआप वितळवणारा हीटर मल्टिमीटरवर चांगला निघाला, पण जास्त तापल्यास त्याची वीज तोडणारा थर्मल फ्यूज उडालेला, म्हणून बर्फ साचत होता. त्याच रेटिंगचा नवा बसवला. वायर जोडून तो बायपास करू नका, हीटर बंद पडलाच नाही तर तोच शेवटचा पहारा.

हो, एक राहिलं. बायमेटल (बर्फ वितळून कॉइल तापली की हीटर बंद करणारा स्विच) बर्फात गार करून तपासा. खोलीच्या तापमानाला चांगला बायमेटलही मीटरवर ‘ओपन’च (म्हणजे जोड तुटलेला) दाखवतो.