काठ बिघडलेला दिसला? आधी समोरची बाजू बघा

नाण्याचा काठ तुटका किंवा जाड दिसला की सगळे तिथेच भिंग लावून बसतात. चूक टांकसाळीतली आहे की नंतर कुणी केलेली, हे बहुतेक वेळा समोरच्या, म्हणजे बिघाडाच्या बरोबर विरुद्ध बाजूवरून कळतं.

(काठ म्हणजे तोंडावरची उचललेली किनार, कड म्हणजे दाते असलेली जाडीची बाजू.)

चंद्रकोरीसारखा तुकडा गेलेलं नाणं घ्या. पत्र्यातून चकत्या पाडताना पंच आधीच्या भोकावर अर्धवट चढला की अशी चकती निघते. पुढे काठ उचलणाऱ्या यंत्रात ती दोन बाजूंनी दाबली जाते. कापलेली जागा यंत्राला टेकतच नाही, त्यामुळे बरोबर १८० अंशांवरही दाब पडत नाही आणि तिथला काठ बसका, पुसट राहतो. यालाच ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. खऱ्या नाण्यातही तो कधी कधी नसतो, म्हणून तुकड्याजवळची अक्षरंही पाहा. ती कापाकडे ओढली जाऊन पसरट झालेली असतात. कानसीने घासलेल्या नाण्यात अक्षर मध्येच सरळ तुटतं.

काठाला चिकटून नक्षी नसलेला गुळगुळीत फुगवटा असेल, तर ठशाचा (नक्षी उमटवणाऱ्या साच्याचा) तुकडा उडालेला असू शकतो. त्या जागी कडेवर नख टेकवून नाणं उलटा. धातू त्या पोकळीत गेल्यामुळे मागच्या बाजूची नक्षी तिथे अशक्त उठलेली दिसते. मागे सगळं ठसठशीत असेल, तर मला शंका येते.

काठ एकीकडे रुंद, दुसरीकडे अरुंद? मागची बाजू नीट मध्यावर असेल तर एकच ठसा सरकलाय. दोन्ही बाजू सरकलेल्या असतील तर चकतीच नीट बसली नव्हती.

कड आडवी धरून बघायला विसरू नका. कॉलर (ठसा पडताना चकतीला भोवतीने धरणारं, दाते उठवणारं कडं) अर्धीच वर आली असेल तर कडेवर पायरी दिसते आणि दाते पायरीच्या एकाच बाजूला असतात. कॉलर नसतानाच ठसा पडला तर दाते नाहीत, व्यास जास्त, पण वजन पूर्ण. त्यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि व्हर्नियर कॅलिपर हवाच.

सगळ्यात जास्त फसवतात ती कपडे वाळवायच्या यंत्रात अडकून आपटत राहिलेली नाणी. काठ आत वळून अक्षरांवर चढलेला असतो, व्यास घटलेला असतो. ती चूक नाही, नुसतं नुकसान.