तलवारीची पाठ

तुळजापूरला दर्शन झालं की पावलं तसबिरींच्या दुकानाकडे वळतातच. महाराजांना तलवार देणारी भवानी तिथं हमखास असते. चित्रकारानं सगळा सोनेरी रंग मुठीवर ओतलेला असतो आणि पातं म्हणजे दोन पांढऱ्या रेघा. प्रदर्शनात बक्षीसपात्र तलवारीपुढं उभा राहिलेला माणूसही तसाच बघतो. मुठीवरची वेलबुट्टी न्याहाळतो, ‘काय काम आहे राव!’ म्हणतो आणि पुढच्या कपाटाकडे सरकतो.

वेलबुट्टी बघू नये असं नाही. हस्तकलेचे राष्ट्रीय पुरस्कार १९६५ पासून दिले जातात आणि त्यात कोफ्तगिरीच्या, म्हणजे पोलादावर सोन्या-चांदीची तार ठोकून नक्षी काढण्याच्या, कारागिरांचा वाटा आहे. उदयपूरच्या कोफ्तगिरीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. काम आहेच तसं चिकाटीचं. पोलादाचा पृष्ठभाग कानशीनं साफ करायचा, बारीक छिन्नीनं त्यावर तीन दिशांनी आडव्यातिडव्या रेघा पाडायच्या, की तो खरबरीत होतो. त्यावर सोन्याची किंवा चांदीची केसासारखी तार नक्षीप्रमाणे बसवत हलक्या हातोडीनं ठोकायची, मग गरम करून अकीकाच्या दगडानं घोटायची. रेघा उथळ पडल्या तर तार धरत नाही, वर्षा-दोन वर्षांत कोपऱ्यातून उचलते. घोटताना हात जड पडला तर सोनं पसरून नक्षीची कड पुसट होते. खरं-खोटं ओळखायला भिंग पुरतं: नक्षीच्या कडेला छिन्नीच्या रेघा दिसल्या तर कोफ्तगिरी, नाही दिसल्या तर मुलामा.

पण हे सगळं मुठीचं. तलवार म्हणजे पातं, आणि पात्याचा खरेपणा त्याच्या पाठीवर, म्हणजे धारेसमोरच्या बोथट कडेवर, कळतो. मूठ डोळ्यापाशी धरून पाठीवरून टोकाकडं नजर टाकावी. हातानं घडवलेल्या चांगल्या पात्याची पाठ मुठीजवळ सहा-सात मिलिमीटर असते आणि टोकाकडं जाता जाता अडीच-तीनवर येते, मध्ये कुठंही पायरी न पडता. नांदेडला सचखंड हुजूर साहिबच्या आसपासच्या बाजारात वीतभर कृपाणीपासून हातभर तलवारीपर्यंत सगळं मिळतं. त्यातली स्वस्त पाती पत्र्यातून कापलेली असतात, म्हणून पाठ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीची. भिंतीवर ती चालते. हातात घेतली की टोक जमिनीकडं ओढतं. घडवलेल्या तलवारीचं वजन किलोच्या आसपास असूनही ती हलकी वाटते, कारण भार मुठीपासून वीतभराच्या आत येतो. हा भार नुसत्या कानशीनं जमत नाही, तो ऐरणीवरच साधावा लागतो.

गंमत म्हणजे लोखंड बहुतेकदा तेच, जे ऊसतोडीच्या कोयत्याला लागतं: ट्रकच्या कमानीचा जुना पाटा. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर, म्हणजे धारही धरतो आणि लवतोही. फक्त जुन्या पाट्याला आतून बारीक भेग असू शकते. भट्टीत तापवल्यावर पृष्ठभागावर काळी रेघ दिसली तर तो तुकडा कोयत्यालाच द्यावा. कोयता दीड वितीचा, भेगेच्या अलीकडचं तेवढं लोखंड सहज निघतं. पाऊण मीटरच्या पात्याला मात्र ती कुठंतरी गाठतेच.

सगळ्यात जास्त पाती वाया जातात ती पाणी पाजताना, म्हणजे तापलेलं पातं एकदम निववून कठीण करताना. नाव पाण्याचं, पण कमानीच्या पोलादाला तेलच बरं. पाण्यात घातलं की ‘टिंग’ असा बारीक आवाज येतो आणि काम संपतं. लोहचुंबक चिकटायचं थांबलं की थोडा आणखी ताव देऊन पातं तेलात उतरवायचं. तेल ५०-६० अंश कोमट हवं, कारण थंड तेल घट्ट असतं आणि पात्यावरून नीट सरकत नाही. पातं सरळ, धारेच्या बाजूनं, न डगमगता जायला हवं. पात्याचा एक गाल, म्हणजे एक सपाट बाजू, आधी बुडाला की पीळ पडतो. पीळ काढायला मिळतात ते मोजके क्षण, पातं गरम असेपर्यंतचे. नंतर जोर लावला तर काच फुटावी तसं मोडतं. शिवाय तेलात एकधारी पातं थोडं धारेकडं झुकतं, बाक कमी होतो. जाणता लोहार म्हणून ऐरणीवरच बाक थोडा जास्त ठेवतो. बाक गोड दिसतो, असं आपण म्हणतो तेव्हा या हिशोबाला दाद देत असतो.

त्यानंतर पुन्हा मंद शेकायचं. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर आधी पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. सुरीला पिवळ्यावर थांबलं तरी चालतं, तलवारीला निळ्याच्या खाली थांबू नये. पाठीला तर त्याहून जास्त शेक द्यावा.

जुन्या पात्यांची गोष्ट वेगळी. कोनासमुद्रम हे गाव आज तेलंगणात आहे, पण निजामाच्या राज्यात ते आणि मराठवाडा एकाच छताखाली होते. तिथं मुशीत शिजवलेलं पोलाद इराणी व्यापारी घेऊन जायचे. त्यात कार्बन सव्वा-दीड टक्का; म्हणून ते लाल तावावरच ठोकावं लागे, पांढऱ्या तावावर नेलं की ऐरणीवर भुगा. हळूहळू निवलेल्या त्या पोलादात कार्बनचे कठीण थर बसतात आणि हिराकशीच्या पाण्यानं ते उमटतात. पात्यावर उमटणारी ही नक्षी म्हणजेच जौहर. खंडेनवमीला माळ्यावरची तलवार काढून लोक पॉलिश पेपरनं घासतात, किंवा उत्साहाच्या भरात बफिंगवाल्याकडं देतात, तेव्हा आधी जातो तो जौहर आणि मग पाठीच्या तिखट कडा. पातं आरशासारखं चमकतं आणि साबणाच्या वडीसारखं गोल होतं. त्यापेक्षा मऊ फडक्यानं तेलाचा हात फिरवून हळदकुंकू म्यानाला लावलेलं बरं.

आता मुठीकडं परत यायला हरकत नाही, पण आतून. आपल्याकडच्या तलवारीत पात्याची शेपूट आखूड असते. पोकळ मुठीत लाख आणि विटेची पूड भरून, शेपूट तापवून आत दाबतात. शेपूट फार तापली तर लाख जळून ठिसूळ होते, कमी तापली तर पोकळी राहते. दोन्ही दोष एकाच परीक्षेत उघडे पडतात: मूठ घट्ट धरून पात्याच्या पाठीवर बोटानं टिचकी मारायची. सलग नाद आला तर बरं. खुळखुळ आली तर मूठ सावकाश शेकून लाख पुन्हा बसवता येते, तोडफोड लागत नाही. मे महिन्यात मात्र अशी तलवार बंद गाडीत ठेवून लग्नाला जाऊ नये. काचा लावलेल्या गाडीत लाख मऊ पडते आणि नवरदेवाच्या हातात मूठ एकीकडं, पातं दुसरीकडं.