चंगनाशेरीचा लाल पाऊस

ऐन आषाढात केरळला निघालो म्हटल्यावर आई म्हणाली, "इथला पाऊस कमी पडतो का?" रास्त प्रश्न. पण २००१ च्या २५ जुलैला जिथे लाल पाऊस पडला, ते कोट्टायम जिल्ह्यातलं चंगनाशेरी मला पावसातच बघायचं होतं.

रत्नागिरीहून नेत्रावती पकडली. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे रमतगमतच जाते, झोप भरपूर झाली. आलप्पुळाला उतरून बसनं चंगनाशेरी गाठायचं, अंतर जेमतेम २४ किलोमीटर. हा रस्ता कुट्टनाडमधून जातो. इथली भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली, बांध घालून आणि पाणी उपसून केलेली. त्यामुळे कालव्यातली होडी शेताच्या वरच्या अंगानं जाताना दिसते. डोळ्यांना ते पटायला जरा वेळ लागतो. बसच्या खिडक्यांना काचा नाहीत, गुंडाळलेले पडदे आहेत. सर आली की सगळे एकदम खाली येतात आणि भर दुपारी बसमध्ये मिट्ट काळोख.

ज्यांच्याकडे उतरलो त्या चेचींना (चेची म्हणजे मल्याळममध्ये ताई) तो पाऊस आठवत होता. त्यांचं मल्याळम मुलगा हिंदीत सांगायचा. वाळत घातलेलं पांढरं मुंडू, म्हणजे तिकडचं धोतर, गुलाबी झालं, धुतलं तरी डाग राहिला, ही त्यांची मुख्य तक्रार. शास्त्रज्ञ नंतर काय म्हणाले, यात त्यांना फारसा रस नव्हता.

त्या दिवशी आधी मोठा गडगडाट झाला आणि लख्ख उजेड पडला, असं लोकांनी तेव्हा सांगितलं होतं. मला हेच जास्त विचित्र वाटतं. २५ जुलै म्हणजे पुष्य नक्षत्र, आपला म्हातारा पाऊस. तो संथपणे, न बोलता पडत राहतो. कडकडाट करायचा तो वळवानं, नाहीतर हस्तानं. केरळातही विजांचे दिवस मोसमी पावसाच्या आधीचे आणि नंतरचे. लाल सरी त्यानंतर सप्टेंबरअखेरपर्यंत अधूनमधून येत राहिल्या. बहुतेक वेळा वीस मिनिटांच्या आत आटोपायच्या, आणि त्याही इतक्या थोड्या जागेत की काही पावलांवर साधा पाऊस चालू असायचा. पिवळ्या, हिरव्या, अगदी काळ्या पावसाच्याही बातम्या आल्या.

तिरुवनंतपुरमच्या भूविज्ञान केंद्राचा आधीचा अंदाज होता की उल्का फुटून तिची धूळ पावसात मिसळली. काही दिवसांतच सूक्ष्मदर्शकानं तो मोडीत काढला. पावसातले लाल कण बीजाणू निघाले, म्हणजे शेवाळ-बुरशीचं जणू बीच. मिलिलिटरभर पाण्यात सुमारे ९० लाख! पालोडच्या वनस्पती उद्यानाच्या संशोधकांनी ते वाढवून पाहिले, तेव्हा ट्रेंटेपोहलिया नावाचं शेवाळ उगवलं. बुरशीबरोबर राहून दगडफूल बनवणाऱ्या शेवाळांपैकी हे एक. नावाला हिरवं शेवाळ, पण अंगात गाजरातलं कॅरोटिन असल्यामुळे रंग भगवा-तांबडा.

दुसऱ्या दिवशी चेचींच्या मुलानं मागीलदारचं झाड दाखवलं. खोडाच्या ओल्या बाजूला मखमलीसारखा नारिंगी थर होता. बोट फिरवलं तर हळदीकुंकवाचं बोट लागावं तसा रंग आला. असा थर आमच्याकडे माडांवर, पोफळींवर, जांभ्याच्या गडग्यांवर कितीतरी पाहिलाय, पण त्याच्याकडे कोण बघतो!

मग कोट्टायमच्याच महात्मा गांधी विद्यापीठातल्या गॉडफ्री लुई आणि संतोष कुमार यांनी २००६ मध्ये वेगळंच मांडलं : हे कण धूमकेतूबरोबर आलेले परग्रहावरचे जीव असावेत. जगभर गाजावाजा झाला. मला ते पटत नाही. आकाशातून आलेला जीव नेमका इथल्याच झाडांवर मिळणाऱ्या शेवाळासारखा कसा असेल? पण शेवाळवाल्यांनाही एक प्रश्न सुटलेला नाही. एवढे बीजाणू एकाच वेळी कसे सुटले, आणि ढगांपर्यंत पोचले कसे? आधीच्या जोरदार पावसानं दगडफूल माजलं, इथवर ठीक. पुढचं कोडं तसंच आहे.

पालोडला जायचा बेत होता, तो पावसानं हाणून पाडला. कोट्टायमला हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट, खाली दक्षिणेला, पालोडच्या बाजूला, रेड. इथे आता लाल पाऊस म्हटलं की लोकांना आधी हा रेड अलर्टच आठवतो : २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस. चेचींचा नातू संध्याकाळपासून मोबाइल घेऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या फेसबुक पानावर डोळा ठेवून होता, शाळेला सुट्टी जाहीर होते का ते बघत. रात्री नऊपर्यंत काही आलं नाही. ऑरेंजवर भागत नाही म्हणे, रेडच पाहिजे.