ताईची हार्डडिस्क आणि ९३ तासांचं स्कॅन

मागच्या महिन्यात शुक्रवारी रात्री ताईचा कराडहून फोन आला, आवाज इतका बारीक की मला वाटलं घरात कुणाचं तरी काही झालंय. झालं होतं असं की बुधवारी तिने तिची १ टीबीची पोर्टेबल हार्डडिस्क लॅपटॉपला लावली, विंडोजने विचारलं की डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, आणि शाळेच्या घाईत तिने हो करून टाकलं. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्या डिस्कवर दहा-अकरा वर्षांची स्नेहसंमेलनं, सहली, भाचीचं सगळं लहानपण आणि बाबांचे शेवटच्या वर्षातले व्हिडिओ होते. दुसरी कॉपी कुठेच नाही.

दाजींनी नेटवरून एक रिकव्हरीचं सॉफ्टवेअर उतरवून स्कॅन लावलं होतं. दोन दिवसांत १४ टक्के, उरलेला वेळ ९३ तास, त्यात एकदा लॅपटॉप स्लीपमध्ये गेला तर पुन्हा शून्यापासून. ताईने एवढंच विचारलं, "हे लवकर होण्यासारखं काही करता येईल का रे?" मी म्हटलं ते स्कॅन आत्ताच बंद कर, डिस्क काढून ठेव, मी उद्या सकाळी निघतो.

फॉरमॅट झालं म्हणजे सगळं गेलं असं नसतं हे तिला आधी पटवावं लागलं. विंडोजच्या त्या खिडकीत क्विक फॉरमॅटवर आधीपासूनच टिक असते. क्विकमध्ये फक्त नवीन कोरी अनुक्रमणिका लिहिली जाते, आतली पानं जागेवरच असतात. ती टिक काढून फुल फॉरमॅट केलं असतं तर मात्र विषय संपला होता, कारण व्हिस्टापासून पुढचं विंडोज फुल फॉरमॅटमध्ये सगळ्या जागेवर शून्य लिहितं.

मी गेल्यावर सॉफ्टवेअर उघडलंच नाही, पहिल्यांदा केबल बघितली, आणि तिथेच अर्धं उत्तर होतं. डिस्क यूएसबी ३ ची, तिची मूळची रुंद दोन भागांची पिन असलेली केबल कधीच हरवलेली, आणि दाजींनी जुन्या मोबाईलच्या चार्जरची केबल लावलेली. ती बारकी पिन त्या रुंद सॉकेटच्या मोठ्या भागात व्यवस्थित बसते, डिस्क चालूही होते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही, पण डिस्क चालते यूएसबी २ च्या वेगाने. कागदावर ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला तीस-पस्तीस एमबी, म्हणजे १ टीबी नुसती वाचायलाच नऊएक तास. तीच डिस्क योग्य केबलने आणि निळ्या (यूएसबी ३ च्या) पोर्टला लावली तर शंभरच्या आसपास सहज जाते, मग तेच काम तीन तासांत होतं. स्टँडवरच्या मोबाईलच्या दुकानात रुंद केबल मिळाली.

पण नऊ तास आणि ९३ तास यातला फरक केबलने भरून निघत नाही. म्हणून डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावून बघितलं, तर पिवळ्या रंगात कॉशन, सी५ च्या ओळीत, म्हणजे वाचता न येणारे आणि निकालाची वाट बघणारे सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), तिथे शून्य नव्हतं. मग सगळं जुळलं. मुळात विंडोजने फॉरमॅटचं विचारलंच का, तर डिस्कवरची काही जागा खराब झाली होती. अशा जागी डिस्कचं वाचणारं डोकं पोचलं की डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायला बघते, एकेका ठिकाणी कित्येक सेकंद जातात, आणि बिचारं सॉफ्टवेअर तिथेच थांबून राहतं. आणि अशा डिस्कवर आज हे सॉफ्टवेअर, उद्या ते, असं स्कॅन करत बसलो तर प्रत्येक वेळी ती आणखी खचते. म्हणून डिस्क एकदाच वाचायची, पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल एका फाईलमध्ये, काढायची, आणि पुढचा सगळा शोध त्या इमेजवर करायचा. यात सुरुवातीला वेळ जातो असं वाटतं पण खरा वेळ इथेच वाचतो.

इमेजसाठी मी माझी २ टीबीची रिकामी डिस्क नेली होती (एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली, जुन्या एफएटी३२ पद्धतीच्या डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही) आणि पेनड्राइव्हवर सिस्टमरेस्क्यू, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालणारी लिनक्स सिस्टम. लॅपटॉप त्यावरून चालू केला की विंडोज आडवं येत नाही, अँटिव्हायरस नाही, आपोआप रिपेअर करणं नाही. विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं चेकडिस्क तर अजिबात चालवू नका, ते त्याच डिस्कवर लिहितं. सिस्टमरेस्क्यूत इमेज काढणारं डीडीरेस्क्यू आधीच असतं. त्याची पद्धत मला फार आवडते, चांगली जागा आधी भराभर उचलायची, अडलं की पुढे उडी मारायची, आणि खराब जागांकडे शेवटी परत यायचं, आपण पेपर सोडवताना करतो तसंच. पहिल्या फेरीला कमांडमध्ये मायनस एन (-n) लावलं की ते अवघड जागा खरवडत बसत नाही. सोबत मॅपफाईलचं नाव द्यायला मात्र विसरू नका, कुठलं वाचलं कुठलं राहिलं याची नोंद त्यात राहते. आम्हाला ती उपयोगी पडलीच, रात्री लाईट गेली, ताईच्या लॅपटॉपची बॅटरी जुनी, सगळं बंद, आणि लाईट आल्यावर तीच कमांड परत दिली तर काम राहिलं होतं तिथूनच चालू झालं. ताई शेजारी बसून टक्के बघत होती.

पहिली फेरी साडेचार तासांत झाली आणि ९९ टक्क्यांच्या वर डेटा आला. सुरुवातीला वेग जास्त आणि शेवटाकडे निम्म्यावर येतो, त्याला घाबरू नका, प्लॅटरच्या (आतल्या फिरत्या तबकडीच्या) बाहेरच्या कडेला वेग जास्त आणि आत कमी असतो. मग मायनस एन काढून, मायनस आर ३ (-r3, म्हणजे तीनदा पुन्हा प्रयत्न) देऊन रात्रभर राहिलेल्या जागांवर सोडलं. सकाळी फक्त ३८ एमबी वाचायचं राहिलं होतं. डिस्कमधून टकटक आवाज येत असता तर मी यातलं काहीच केलं नसतं, बंद करून सरळ क्लीनरूम (धूळविरहित खोली) असलेल्या लॅबकडे पाठवली असती.

रविवारी इमेजवर आधी गेलेल्या फायली शोधणारं डीएमडीई चालवलं. एनटीएफएसवर पुन्हा एनटीएफएस फॉरमॅट झालं तर जुन्या एमएफटीच्या, म्हणजे आधीच्या अनुक्रमणिकेच्या, नोंदी बऱ्याच शिल्लक असतात, त्यामुळे फोल्डर आणि फायली नावासकट येतात. "सहल २०१८ पन्हाळा" हे फोल्डर दिसलं तेव्हा ताईने माझा हात धरला. स्कॅनचा निकाल सेव्ह करून ठेवता येतो, तो ठेवाच.

जे नावाने आलं नाही त्यासाठी फोटोरेक, ते नाव न बघता फाईलच्या आतल्या खुणांवरून शोधतं. ते ४८० पेक्षा जास्त प्रकारच्या फायली ओळखतं आणि मुळात त्यातल्या बहुतेक सगळ्या शोधायला निघतं, मग लाखभर फालतू फायली निघतात आणि आपलं चाळणं संपत नाही. त्याच्या फाईल ऑप्ट या यादीत एस दाबून आधी सगळ्यांच्या टिका काढल्या आणि फक्त जेपीजी, एमओव्ही-एमपी४ आणि पीडीएफ ठेवलं. रिकव्हर केलेलं लॅपटॉपच्या एसएसडीवर घेतलं, कारण वाचायचं आणि लिहायचं एकाच हार्डडिस्कवर ठेवलं तर डोकं इकडून तिकडे पळत राहतं आणि पुन्हा तेच रडगाणं.

एक गोष्ट, हे सगळं फिरत्या हार्डडिस्कचं. एसएसडी फॉरमॅट झाली तर बहुतेक वेळा ट्रिममुळे (रिकामी झालेली जागा एसएसडी स्वतःच पुसून टाकते) जुना डेटा लगेच वाचता येईनासा होतो, तिथे वेग वाढवून काही मिळत नाही.

फोटोरेकच्या फायलींना नाव नसतं, नुसता एफ आणि पुढे आकडे. रविवारी दुपारी ताई, दाजी आणि मी एकेक व्हिडिओ उघडत बसलो, काही तुटलेले, फाईल डिस्कवर तुकड्यांत विखुरलेली असली की फोटोरेकला ते नीट जोडता येत नाहीत. बाबांचे चार सापडले, त्यातल्या एकात ते भाचीला पतंगाची कन्नी बांधायला शिकवतायत, तो अर्ध्यावर थांबतो पण आवाज स्वच्छ आहे. ताईने तिथल्या तिथे तो पेनड्राइव्हवर आणि माझ्या मोबाईलवरही टाकला.

२०१६ च्या स्नेहसंमेलनाचे फोटो अजून मिळालेले नाहीत. इमेज माझ्याकडे पुण्यात आहे, या शनिवारी दुसऱ्या क्लस्टर साईझने (डिस्कवरची जागा ज्या मापाच्या तुकड्यांत वाचायची ते माप) पुन्हा स्कॅन लावणारे. मूळ डिस्क ताईने कपाटात ठेवलीय, ती आता कुणी लावायची नाही असं भाचीने वर चिठ्ठी चिकटवून लिहिलंय.