व्हेनिस: सान झक्कारियातलं बेलिनीचं वेदीचित्र

सान मार्कोच्या चौकातून पूर्वेला पाचेक मिनिटं चाललं की सान झक्कारियाचं चर्च लागतं. आत जायला तिकीट नाही, म्हणूनच की काय, बरेच जण एक फेरी मारून लगेच बाहेर पडतात. तुम्ही तसं करू नका. डावीकडच्या दुसऱ्या वेदीवर जोव्हान्नी बेलिनीने १५०५ मध्ये रंगवलेलं चित्र आहे. व्हेनिसमध्ये एकच चित्र पाहायला वेळ असेल तर मी हेच सांगेन.

पण त्याआधी उजवीकडच्या सान ताराझियो चॅपेलमध्ये जाऊन या (याला वेगळं, किरकोळ तिकीट आहे). तिथली वेदीचित्रं १४४३ ची. सोन्याचा झगमगाट, नक्षीदार लाकडी चौकट आणि प्रत्येक संत आपापल्या खणात उभा. खालचं तळघर बहुतेक वेळा पाण्यात असतं, तेही बघा.

आता बेलिनीकडे या. साठ वर्षांत खण गेले, सोनं गेलं, सगळे संत एकाच दालनात आले. वेदीचे दगडी खांब तसेच चित्रात उतरले आहेत, त्यामुळे भिंतीत आणखी एक देवघर आहे असंच वाटतं. दोन्ही कडांना उघडं आकाश आणि झाडं दिसतात.

कोण कोण आहे हे हातातल्या वस्तूंवरून ओळखायचं. मध्ये सिंहासनावर मरिया, तिच्याजवळ आशीर्वाद देणारा बाळ येशू. डावीकडे किल्ल्या घेतलेला पीटर, उजवीकडे लाल वस्त्रांतला, वाचनात गढलेला जेरोम. बायबल लॅटिनमध्ये आणणारा तोच. पीटरशेजारी कॅथरीन, जवळ तिच्या छळाचं मोडकं चाक. ओल्ड गोव्याचं से कॅथेड्रल पाहिलेल्यांना ती ओळखीची वाटेल. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने तिच्याच सणाच्या दिवशी गोवा जिंकला, म्हणून ते कॅथेड्रल तिच्या नावाचं. जेरोमशेजारी लुसी, हातातल्या काचपात्रात तिचेच डोळे. व्हेनिसचं सांता लुचीया स्टेशन हिच्याच नावाचं, कारण ते बांधताना हिचं चर्च पाडलं. तिचा देह आता स्टेशनजवळच्या सान जेरेमियात आहे.

यातलं कुणीच कुणाकडे बघत नाही. पायरीवर एक देवदूत वाद्य वाजवतोय, आणि प्रत्येक जण आपल्यातच ऐकत असल्यासारखा. बेलिनी तेव्हा सत्तरीच्या आसपास होता. पुढच्याच वर्षी जर्मन चित्रकार ड्यूररने व्हेनिसहून पत्रात लिहिलं की हा फार म्हातारा झालाय, तरी चित्रकलेत अजून हाच सरस. नेपोलियनच्या काळात हे चित्र पॅरिसला नेलं होतं, त्याच्या पाडावानंतर परत आलं.

दिव्यांसाठी पेटी आहे, नाणं टाकलं की थोडा वेळ उजेड पडतो. सुट्टी नाणी खिशात ठेवा, पण आधी दिव्याशिवाय बघा. चित्रातला उजेड चर्चमधल्या उजेडात कसा मिसळतो ते तेव्हाच कळतं. सकाळी जा, दुपारी चर्च काही तास बंद असतं. रविवारी सकाळी मिस्सा (प्रार्थनाविधी) असते, तेव्हा फिरू देत नाहीत. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आणि एका दिवसापुरते व्हेनिसला येणार असाल तर काही ठरावीक तारखांना शहराचं प्रवेशशुल्क लागतं, निघण्यापूर्वी ऑनलाइन तपासा.

दुपारची वेळ फ्रारी चर्चला द्या. तिथल्या वस्त्रागारात (पाद्र्यांच्या पोशाखांच्या खोलीत) बेलिनीचंच १४८८ चं तीन खणांचं चित्र मूळ चौकटीसह आहे, आणि मुख्य वेदीवर टिशियनची स्वर्गारोहण करणारी मरिया. तिथे मात्र तिकीट आहे.