सुकतीच्या वेळी मालवणचा खडक

मालवणच्या रॉक गार्डनला लोक सूर्यास्त बघायला जातात. खडकाला काय चिकटलंय ते बघायचं तर अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन सकाळी धराव्यात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे मुंबईकडच्या भरतीची ढोबळ वेळ: द्वितीयेला दीड वाजता, म्हणून सुकती सकाळी सव्वासात-साडेसातला. मालवणला भरती मुंबईच्या थोडी आधी येते, त्यामुळे मी फटफटतानाच उतरतो. जाड तळव्याचे बूट, हातमोजे, दहापट भिंग. हिरव्या शेवाळावर पाय ठेवू नये.

वरच्या पट्ट्यात राखाडी, टोकदार बार्नॅकल, म्हणजे खडकाला चिकटून जगणारे छोटे कवचधारी जीव. त्यांची अळी कायमची बसताना आधी तेलकट थेंब सोडून पाणी बाजूला सारते, मग प्रथिनांचा गोंद ओतते. खाली कालवं. त्यांचा डावा शिंपला खडकाला सांधलेला असतो. सांध्यात बहुतांश चुना, प्रथिन थोडंच. म्हणून काढणाऱ्या बायका वरचा शिंपला उचकटून मास घेतात, खालचा खडकावरच राहतो.

शिनाणे, म्हणजे दोऱ्यांनी खडक धरून राहणारे शिंपले, सर्वांत खाली, आणि माझा वेळ तिथेच जातो. एक छोटं शिनाणं काचेच्या बरणीत, समुद्राच्याच पाण्यात, सावलीत ठेवा. नळाचं पाणी किंवा हिसके बसले की ते मिटून बसतं. स्थिरावलं की जिभेसारखा पाय बाहेर येतो, काच चाचपतो, एका जागी टेकतो. पायाखालचं बंद पाणी ते आम्लधर्मी करतं आणि त्यातच प्रथिनं सोडतं. पायाच्या खोबणीत दोरा ओतला जातो. काही मिनिटांत पाय उचलला की दोरा आणि टोकाची चकती तयार.

गोंदाचं मर्म डोपा या अमिनो आम्लात आहे. शिनाण्याच्या उत्तर अटलांटिकमधल्या भावंडात ते १९८१ मध्ये सापडलं. डोपा पृष्ठभाग धरतं, पण समुद्राचं पाणी अल्कधर्मी, त्यात त्याचं ऑक्सिडीकरण होऊन पकड ढिली पडते. आम्ल त्यासाठीच, शिवाय गंधकयुक्त एक प्रथिन बिघडलेलं डोपा पूर्ववत करतं. दोऱ्याच्या सालीत हेच डोपा लोहाशी बांधलं जातं, त्यामुळे साल कणखर होऊनही ताणली जाते. काचेवर शेवाळाचा थर असेल तर चकती थराला चिकटते आणि थरासकट निघून येते. बरणी आधी घासून घ्या.

परत सोडताना शिनाणं ओढू नका, मुळाशी इजा होते. दोरे कात्रीने कापा आणि त्याला कालवांच्या फटीत खोचा. नवे दोरे लागेपर्यंत लाट नेणार नाही.